दीड फ्रेटचं खोटं

जामच्या चौकात, समुद्रपूरचा रस्ता फुटतो तिथे, माझ्या मित्राचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथे बसतो आणि जगातला सगळ्यात भारी गिटारवाला कोण, यावर भांडतो. तिघांचीही पन्नाशी आली आहे. तिघांच्याही घरी यावर हसतात. माझे साडभाऊ मागे म्हणाले, सोयाबीनचं काय होणार ते पाहायचं सोडून तुम्ही कुठल्या परदेशी केसाळ माणसांवर घसा कोरडा करता. तेव्हा मी गप्प बसलो. मी बहुतेक वेळा गप्पच बसतो. पण आता लिहायलाच बसलो आहे तर सांगून टाकतो. हो, भांडतो. सोयाबीनची काळजी आम्हाला सोमवार ते शनिवार असते, रविवारीही असते, आणि तरी भांडतो. बैलांवर, पैलवानांवर, भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांवर माणसं जन्मभर वाद घालतात, त्यांना कोणी वय विचारत नाही. आम्हालाही विचारू नये.

आमच्या भांडणात त्या गिटारवाल्यांना नावं नाहीत. वर्ध्याला कॉलेजात असताना आम्ही तिघं एका खोलीत राहत होतो, तेव्हा आमच्याकडे आलेल्या कॅसेटा कोणाच्या ना कोणाच्या कॅसेटवरून भरलेल्या असायच्या. वर बॉलपेननं ‘इंग्लिश फास्ट’ किंवा ‘इंग्लिश गिटार’ एवढंच. सोबत एखादा झेरॉक्स केलेला फोटो आला तर नशीब. त्या फोटोंवरून आम्ही ओळख ठेवली. माझावाला ‘चष्मेवाला’. मित्राचावाला ‘म्हातारा’. तो तेव्हा असेल पस्तिशीचा, पण झेरॉक्समध्ये त्याचे केस पांढरे उमटले होते. आमचा तिसरा गडी आज देवळीच्या एका शाळेत मास्तर आहे. त्याचावाला ‘डावरा’. आता मोबाइलवर सगळ्यांची खरी नावं सापडतात, पण आम्ही ती घेत नाही. उगाच परके वाटतात.

डावऱ्यावर एक जुना वाद आहे. मित्राचं म्हणणं, तो डावरा नाहीच, फोटो उलटा छापला असेल. मास्तर यावर आजही चिडतो. मी तुमच्या माणसांच्या हातापायापर्यंत जातो का, म्हणतो.

आणि ज्याला जग उगाच डोक्यावर घेतं, त्याच्यासाठी आमचा शब्द आहे ‘पाणी मारलेला’. कापूस विकायला नेताना वजन वाढावं म्हणून त्यावर पाणी मारणारी माणसं आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहेत. वरून पांढराशुभ्र दिसतो. हात आत खुपसला की कळतं. तर अमका पाणी मारलेला की कोरडा, यावर आमची अर्धी दुपार जाते.

आता त्या मित्राबद्दल सांगतो, कारण हे सगळं त्याच्यासाठीच लिहितो आहे.

त्याच्या दुकानात शेतकरी मोटार घेऊन येतो. हा मोटार चालू करतो, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावतो, मूठ स्वतःच्या कानाला लावतो, आणि डोळे मिटतो. मग सांगतो, खालची बेअरिंग गेली. कधी सांगतो, बेअरिंग चांगली आहे, शाफ्ट केसभर वाकला आहे. खोलल्यावर तसंच निघतं. समुद्रपूरपासून पलीकडच्या गावांपर्यंत लोक याच्या कानासाठी येतात. आणि हाच माणूस तीस वर्षं सगळ्यांना सांगत आला आहे की मले कान नाई. घरच्या गणपतीत आरतीला हा टाळ्या वाजवतो, तोंड मिटून. मी पाहिलं आहे. दरवर्षी पाहिलं आहे, मोदक खाल्ला आहे आणि घरी आलो आहे.

या वर्षी एका रविवारी त्याच्या मुलीचा विषय निघाला. ती नागपूरला शिकते. तिला गिटारचा क्लास लावायचा होता. मास्तर म्हणाला, लाव ना मग, शेठ, अडचण काय आहे. तर तो पाइपाचं बिल फाडता फाडता म्हणाला, “आपल्या घरात कान नाई कोणाले. मी पाहून घेतलं हाय. तिले काऊन तोंडघशी पाडू?”

तो हे रडत किंवा कडवटपणे म्हणाला नाही. घराण्यात उंची नाही, असं म्हणावं तसं म्हणाला.

त्याला कान नाही, हे त्याला मी सांगितलं होतं. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला माहीत होतं.

कसं ते सांगतो.

वर्ध्याच्या त्या खोलीत गिटार एकट्या त्यालाच यायची. कोणी शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून वाजवायचा. एक साधी गिटार होती, लाकूड पातळ, पण त्याच्या हातात ती बोलायची. तो म्हाताऱ्याच्या बाजूचा होता. त्याचं म्हणणं, भारी तो, जो दोन सुरांच्या मधली जागा सोडतो. माझा चष्मेवाला जलद वाजवायचा, आणि माझं म्हणणं, भारी तो, ज्याच्यामागे कान धावून थकतो. पण मला वाजवता येत नव्हतं. वाद सुरू झाला की तो गिटार उचलायचा, दोन सूर काढून दाखवायचा, आणि पोरं त्याच्याकडे जायची. माझ्याकडे काय होतं? टेपरेकॉर्डर माझा होता. तेवढंच.

एकदा टेपरेकॉर्डर पट्टा बदलायला दुकानात नेला, तेव्हा दुरुस्तीवाल्यानं मला दाखवलं. आतल्या छोट्या मोटारीच्या पाठीला एक बारीक भोक असतं. त्यात बारीक स्क्रू. तो फिरवला की टेप जलद किंवा सावकाश चालते.

पुढच्या आठवड्यात आजूबाजूच्या खोल्यांतली पोरं आमच्याकडे जमणार होती. फैसलाच करायचं ठरलं होतं, चष्मेवाला की म्हातारा. आदल्या दिवशी दोघं कॉलेजात असताना मी टेपरेकॉर्डर खोलला, स्क्रू फिरवला आणि मागचं झाकण सैलच ठेवलं. फार नाही. ओळखू येऊ नये इतका, पण अंगावर काटा यावा इतका.

आला. म्हाताऱ्याची कॅसेट लावायच्या आधी मी तार सैल झाली आहे असं सांगून टेप कोपऱ्यात नेला आणि स्क्रू मागे घेतला. चष्मेवाल्याच्या आधी पुन्हा पुढे. पोरं वेडी झाली. मास्तर तोपर्यंत कोणाच्याच बाजूला नव्हता, तोसुद्धा म्हणाला, डावऱ्याखालोखाल हाच. मित्रानं हात जोडले. “मानलं बे तुझ्यावाल्याले,” म्हणाला. मनापासून म्हणाला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी वादात जिंकलो होतो, आणि खोटं वाटेल, पण मला आनंदच झाला. लाज नंतर आली.

इथवर ती चहाटळकी होती. दुसऱ्या दिवशी स्क्रू मागे घेतला असता तर आज हसण्यावारी गेली असती.

पण दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन टेपसमोर बसला. त्याला तो तुकडा शिकायचा होता. हरलेला माणूस असा असतो का? हा होता. आणि बसल्या बसल्या त्याला लागलं की पट्टी जुळत नाही. टेप जलद चालली की सूरही वर चढतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला कोणत्या जागेवर बोट ठेवावं कळेना. गिटारच्या गळ्यावर त्या पितळी पट्ट्या असतात, फ्रेट, त्यांच्या कोणत्याच घरात तो सूर सापडेना. एका घरात कमी पडायचा, पुढच्यात जास्त व्हायचा. मग त्यानं तारा चढवायला सुरुवात केली. सगळ्यात बारीक तार तुटली. नवी आणली. ती तुटली. महिनाभर हे चाललं. आणि त्या महिन्यात, म्हाताऱ्याची कॅसेट लागायची वेळ आली की मी आधी काही ना काही निमित्त काढून स्क्रू मागे घ्यायचो. म्हणजे म्हातारा बरोबर जुळायचा, आणि चष्मेवाला नाही. त्यातून त्यानं काय समजायचं?

शेवटी एका दुपारी गिटारचा ब्रिज, ती तारा धरणारी लाकडी पट्टी, ताण सहन न होऊन उखडून आली. आवाज झाला. मास्तर होता, आणखी दोन पोरं होती. मित्रानं उखडलेली पट्टी हातात घेतली आणि मला म्हणाला, “टेप बरोबर चालून राह्यली ना रे? एकदा पाह्यजो.”

त्याला संशय आला होता. बरोबर आला होता. मी एवढंच म्हणायचं होतं की थांब, पाहतो.

मी म्हणालो, “टेप बरोबर हाय. तुझाच कान कच्चा असन.”

पोरं हसली. तोही हसला. ती गिटार त्यानं पुन्हा नीट करून घेतली नाही. परीक्षेनंतर त्यानं ती खोलीमालकाच्या पुतण्याला देऊन टाकली आणि जामला येऊन वडिलांच्या दुकानात बसला. मी कामापुरता बोलणारा माणूस. समुद्रपूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काचेची भांडी पुसण्यात माझी सगळी नोकरी गेली. तराजू शून्यावर आहे की नाही हे पोरांना रोज तपासायला लावत गेलो.

तर मुलीच्या क्लासचा विषय निघाला, त्याच्या पुढच्या रविवारी मी बोललो. घरी बायकोला आधी सांगितलं होतं. ती म्हणाली, माफी मागा. मी ठरवलं, मागायची नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी करावं लागतं. एकतर द्यावी लागते, नाहीतर नाकारावी लागते. माझं ओझं उचलायला मी त्याला का लावावं? आणि त्याला बाजूला घेऊनही सांगायचं नव्हतं. खोटं चारचौघांत बोललो होतो, खरंही मास्तरच्या देखत बोलणार होतो.

मास्तर त्या दिवशी चष्मेवाल्याला दुसऱ्या नंबरवर ठेवून भाषण देत होता. मी मध्येच म्हणालो की वर्ध्याला त्या रात्री तुम्ही ऐकला तो चष्मेवाला पाणी मारलेला होता, पाणी मी मारलं होतं. मग स्क्रूचं सांगितलं. कोपऱ्यात जाऊन मागेपुढे करायचो ते सांगितलं. ब्रिज उखडला त्या दुपारचं सांगितलं, आणि कान कच्चा म्हणालो होतो ते वाक्य पुन्हा जसंच्या तसं म्हटलं. म्हणताना खाली पाहिलं नाही.

आधी मास्तरच भडकला. त्याचं दुःख वेगळंच होतं. तीस वर्षं तो वर्गातल्या पोरांना, साल्याला, जावयाला सांगत आला होता की चष्मेवाल्यासारखा वेग कोणाचा नाही. “म्हंजे मी इतके दिवस तुह्या स्क्रूची तारीफ करून राह्यलो होतो?” म्हणाला. मग म्हणाला, आता हे उकरून काय मिळालं, बसलेली मैफल मोडली. मी म्हटलं, मोडू दे.

तेवढ्यात एक शेतकरी आला, त्याला दोन इंची पाइपाचा जोड पाहिजे होता. मित्रानं तो काढून दिला, बसतो का ते लावून दाखवलं, शेतावर कशी मोटार आहे विचारलं. गिऱ्हाईक गेलं. मग माझ्याकडे न पाहता त्यानं विचारलं, “किती फिरवला होता?”

मी अंगठा आणि बोटात धरून दाखवलं, एवढा.

“तसं नाई. सूर किती चढला होता?”

ते मला कुठून कळणार. त्यानं माझा मोबाइल मागितला. चष्मेवाल्याचा तो तुकडा त्यात होता, बरोबर वेगाचा. त्यानं तो लावला, थोडा ऐकला, बंद केला, आणि बोटं हवेत गिटारीच्या गळ्यावर असल्यासारखी ठेवून मनात काहीतरी जुळवलं. तीस वर्षांपूर्वीचा सूर त्याच्या डोक्यात अजून होता. आमच्या कोणाच्याही नव्हता.

“दीड,” तो म्हणाला. “दीड फ्रेट. म्हून मधात पडत होता. मी म्हणतच होतो मधात पडते म्हून.”

त्याच्या तोंडावर जे आलं त्याला मी राग म्हणणार नाही. आपलं म्हणणं बरोबर निघाल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा झाला. राग त्याच्यामागून आला. स्टार्टरचे खोके त्यानं उगाच एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवले. मग म्हणाला, “माफी मांगाले आला का?”

मी म्हटलं, नाही.

“बरं केलं. मांगजो बी नको. पण या दुकानात आता तू गिटारवाल्यांवर तोंड उघडाचं नाई. येजो, बसजो, चहा घेजो. तुह्यं मत बाद.”

मास्तर हसणार होता, पण हसला नाही.

मला वाटलं होतं तो हाकलून देईल, किंवा गळ्यात पडेल. दोन्हींची तयारी करून गेलो होतो. हे मात्र सुचलं नव्हतं. ज्या वादात जिंकण्यासाठी मी खोटेपणा केला, त्या वादातूनच त्यानं मला उठवलं. आणि मी सांगतो, मला ते जड गेलं. लोकांना वाटेल, एवढं सगळं झाल्यावर याला गिटारवाल्यांचं काय पडलं आहे. पडलं आहे. अपराधी माणसाला मत नसतं असं कुठे आहे? बरोबर वेगाचा चष्मेवाला मी गेल्या महिन्यात घरी बसून नीट ऐकला. तो आमच्या कॅसेटवर होता त्याहून सावकाश आहे, खालच्या सुरात आहे, आणि त्याहून फार भारी आहे. त्याला माझ्या स्क्रूची गरजच नव्हती. मी त्याच्यावरही अन्याय केला. हे मला दुकानात सांगायचं होतं आणि तोंड बंद होतं.

तीन रविवार मी तिथे बसून राहिलो. मास्तरनं डावऱ्याला पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं, विरोध करायला कोणी नव्हतं. मी चहा पीत होतो. मुलीचा क्लास लागल्याचं मला मास्तरकडूनच कळलं. मित्रानं तिला फोनवर काय सांगितलं, ते विचारायचा मला हक्क नाही. मी विचारलं नाही.

चौथ्या रविवारी मित्रानं स्वतःच्या मोबाइलवर चष्मेवाल्याचा तो तुकडा लावला. स्वतःहून. मोबाइल त्यानं कानाला धरला आणि डोळे मिटले. पूर्ण ऐकला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना मोबाइल गल्ल्यावर ठेवला, आम्हाला ऐकू जाईल असा, आणि एका जागी बोट वर केलं.

“इथं. तार ओढते ना, तिसऱ्यांदा. पोहोचत नाई सुराले. कमी पडते.”

मास्तरला काही कळलं नाही. मलाही कळलं नाही. त्यानं तेवढीच जागा चार वेळा ऐकवली. साऱ्या जगानं ज्याला डोक्यावर घेतलं आहे, त्याच्या सुराला जामच्या चौकातला एक पंपवाला कच्चा म्हणत होता. त्याच्या आवाजात शंका नव्हती, खालची बेअरिंग गेली म्हणताना नसते तशीच. चौथ्या वेळी मलाही ते ऐकू आल्यासारखं वाटलं. केसभर.

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. मला शिक्षा झाली होती आणि ती योग्य होती. चष्मेवाल्याची चूक काढणं मित्राला इतक्या वर्षांनी मिळालेलं होतं, तिथे मान डोलावली असती तर तो खूश झाला असता. पण ती पुन्हा एकदा टेप बरोबर हाय म्हटल्यासारखीच गोष्ट झाली असती. ती चूक आहे असं मला वाटत नव्हतं.

“कमी नाई पडला,” मी म्हणालो. “मुद्दाम ठेवला असन त्यानं.”

मास्तरनं कप खाली ठेवला. मित्र माझ्याकडे वळला.

“तुले कोणं बोलाले सांगतलं?”

“कोणीच नाई.”

“मुद्दाम ठेवलेलं मले समजत नाई का बे? म्हातारा ठेवते मुद्दाम. हा चुकला.”

“नाई चुकला.”

त्यानं मोबाइल उचलला, तो तुकडा बरोबर त्या जागेच्या आधी आणून थांबवला, आणि गल्ल्यावरून माझ्याकडे सरकवला.

“मंग दाखव,” म्हणाला.